हंगाम संपल्यावर : दख्खनच्या द्राक्षाला वाईन होण्यास इतका उशीर का लागला?

(१)
पुण्याच्या कर्वेनगरातून नाशिकच्या दिशेने निघाले की साधारण ऐंशी किलोमीटरवर नारायणगाव लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये या पट्ट्यात द्राक्षाचे घड उतरतात, क्रेट भरले जातात, आणि एप्रिल उजाडेपर्यंत बागा रिकाम्या होतात. महाराष्ट्रात द्राक्षे निदान सातशे वर्षांपासून पिकत आहेत. मात्र त्या द्राक्षांपासून कारखानदारी स्वरूपात वाईन तयार होऊ लागली ती १९८० च्या दशकात. फळ जुने आणि पेय नवे, असे का झाले? या प्रश्नाचे उत्तर वेलीत कमी आणि काढणीनंतरच्या तीन महिन्यांत अधिक सापडते. हा धागा त्या तीन महिन्यांच्या इतिहासाविषयी आहे.

(२)
आरंभ प्राचीन काळापासून करू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे प्रकरण आहे. त्यात मद्याचे प्रकार सांगताना द्राक्षरसापासून होणाऱ्या मद्याला ‘मधु’ म्हटले आहे, आणि त्याची ओळख त्याच्या उगमस्थानांवरून करून दिली आहे : कापिशायन आणि हारहूरक. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील बेग्रामचा परिसर. पाणिनीलाही कापिशीवरून होणारा हा शब्द ठाऊक होता. म्हणजे भारतीय ग्रंथकारांना द्राक्षमद्य परिचित होते, पण वायव्येकडील थंड प्रदेशाची वस्तू म्हणून. तांदळाची, गुळाची, मोहाची मद्ये देशी होती. द्राक्षाचे मद्य बाहेरून येत असे.

(३)
दख्खनमध्येही ते बाहेरूनच आले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भरुकच्छ, म्हणजे आजचे भडोच, येथे उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तिच्यात वाईन आहे, आणि इटलीच्या वाईनला तेथे विशेष पसंती होती अशी नोंदही आहे. भडोचहून माल पैठण आणि तेर या सातवाहन बाजारपेठांकडे जाई. दुसरी वाट कोकणातील बंदरांतून नाणेघाट चढून जुन्नरला पोहोचत असे. जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये स्वतःला ‘यवन’ म्हणवणाऱ्यांचे शिलालेख आहेत. आज ज्या जुन्नर तालुक्यात नारायणगाव आहे, त्याच तालुक्याचे हे गाव.

(४)
या व्यापाराचा भौतिक पुरावा म्हणजे अँफोरा : दोन कानांचे, निमुळत्या बुडाचे मातीचे रांजण. १९५० च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली नेवाशाचे उत्खनन झाले. तेथे अशा रांजणांची खापरे मिळाली, आणि ‘प्रवरेकाठी रोमन वाईन’ हे चित्र मराठी वाचकांच्या मनात रुजले. पुढे रॉबर्टा टॉम्बर या संशोधिकेने भारतातील अशा खापरांची पुन्हा बारकाईने तपासणी केली. त्यांतील कित्येक खापरे रोमन नाहीतच, असे तिने २००७ मध्ये दाखवून दिले. ती मेसोपोटेमियाकडील ‘टॉर्पेडो’ रांजणांची होती. आतून डांबराचा लेप, कानांचा अभाव, आणि काळ बराच नंतरचा.

(५)
या दुरुस्तीने रोमन वाईनची गोष्ट खोटी ठरत नाही. इटलीचे खरे अँफोराही दख्खनमध्ये मिळाले आहेत. पण गोष्टीचा आवाका वाढतो. रोमचा व्यापार ओसरल्यावरही इराणच्या आखातातून भरलेले रांजण भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येत राहिले. त्यांत वाईन असावी, असे अभ्यासकांचे मत आहे. रांजणाची रचनाही लक्षात घेण्यासारखी आहे. राळेचा किंवा डांबराचा लेप, अरुंद तोंड, घट्ट बूच : हवा आत जाऊ नये आणि द्रव झिरपू नये यासाठीची ही व्यवस्था. वाईन बनवण्याइतकेच ती टिकवणे अवघड असते, हे त्या कुंभारांना पक्के ठाऊक होते.

(६)
मध्ययुगात द्राक्षवेल दख्खनमध्ये निश्चितपणे दिसते. चौदाव्या शतकात मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली. त्यानंतर काही वर्षांनी तेथे आलेल्या इब्न बतूताने दौलताबादच्या द्राक्षांची आणि डाळिंबांची नोंद केली. त्याने लिहिलेली एक गोष्ट आज विशेष महत्त्वाची वाटते : ही फळे तेथे वर्षातून दोनदा येतात. मोरोक्कोच्या या प्रवाशाला त्याचे नवल वाटणे स्वाभाविक होते. भूमध्य सागराच्या परिसरात द्राक्ष वर्षातून एकदाच येते. दख्खनची वेल मात्र वेगळीच वागत होती.

(७)
याचे कारण वेलीच्या झोपेत आहे. युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढणी होते. मग थंडी पडते, पाने गळतात, वेल सुप्तावस्थेत जाते आणि वसंतात पुन्हा फुटते. दख्खनच्या हिवाळ्यात वेलीला झोपवण्याइतकी थंडी नसते. ती बारमाही हिरवी राहते आणि छाटली की फुटते. जुन्या काळी दोन छाटण्या आणि दोन पिके, असा प्रघात पडला तो त्यामुळे. पण पावसाळ्यात पिकणारे फळ रोगाला बळी पडते आणि गोडीलाही कमी पडते. म्हणून पुढे येथील बागायतदारांनी दोन छाटण्या कायम ठेवल्या आणि पीक एकच घेण्यास आरंभ केला.

(८)
आजचे वेळापत्रक असे आहे. काढणी आटोपली की बागेला थोडी विश्रांती देऊन एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. ओलांड्यावर एक-दोन डोळे राखून बाकीची काडी काढून टाकली जाते. उन्हाळ्याच्या लख्ख प्रकाशात नवी काडी वाढते, आणि तिच्या डोळ्यांत पुढील हंगामाच्या घडांची सूक्ष्म घडण होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी छाटणी येते. ती फळछाटणी, जिला गोडी छाटणीही म्हणतात. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. युरोपात जे काम हिवाळा करतो, ते येथे कात्री आणि रसायन मिळून करतात.

(९)
यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. युरोपच्या शेतकऱ्याला काढणीनंतर हिवाळा मिळतो. दख्खनच्या शेतकऱ्याला उन्हाळा मिळतो. खरड छाटणी, पाण्याची ओढाताण, नव्या फुटीची काळजी ही सारी कामे एप्रिल-मेच्या चाळीस अंशांच्या आसपासच्या उन्हात येतात. नेमका तोच काळ वाईन मुरण्याचा असतो. वाईनच्या दृष्टीने या योगायोगाचा अर्थ काय, हे समजण्यासाठी द्राक्ष टाकीत गेल्यावर काय घडते ते पाहणे आवश्यक आहे.

(१०)
वाईनसाठी द्राक्ष साधारण २२ ते २४ ब्रिक्स गोडीला तोडतात. घडांचे देठ वेगळे करून मणी फोडले जातात. पांढऱ्या वाईनसाठी रस लगेच दाबून काढतात. लाल वाईनसाठी रस सालींसह आंबवतात, कारण रंग सालीत असतो. मग यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. एक लिटर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखरेमागे एक टक्का अल्कोहोल तयार होते. किलोभर द्राक्षांतून सहाशे-सातशे मिलिलिटर वाईन मिळते. म्हणजे एका बाटलीला किलोपेक्षा थोडे अधिक फळ लागते. उरलेला चोथा खतात जातो.

(११)
या सर्व प्रक्रियेतील कळीची बाब उष्णता. आंबण्याची क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करते. पांढऱ्या वाईनची टाकी १२ ते १६ अंशांवर राखावी लागते, लाल वाईनची पंचवीसच्या आसपास. तापमान पस्तिशीपलीकडे गेले की यीस्ट थकते, साखर अर्धवट राहते आणि जिवाणूंना रान मोकळे मिळते. त्याचा शेवट आंबट, बिघडलेल्या द्रवात होतो. किण्वन संपल्यावरही काम उरते. गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळ वाईन दुसऱ्या टाकीत घ्यायची, हवेपासून जपायची. टार्टारिक आम्लाचे क्षार खडे होऊन बाटलीत साचू नयेत म्हणून वाईन शून्याच्या आसपास वा त्याखाली थंड करायची.

(१२)
युरोपच्या तळघरात यातील बरेचसे काम निसर्गच करीत असे. ऑक्टोबरात भरलेले पिंप डिसेंबरात आपोआप गार होई. क्षार आपोआप तळाशी बसत. तेथील परंपरेला शेकडो वर्षे यंत्राची गरज भासली नाही. दख्खनमध्ये मार्चमध्ये भरलेले पिंप मेमध्ये तापते. म्हणजे येथे वाईन करायची तर शीतकरण यंत्र, थंड पाणी खेळवणाऱ्या दुहेरी भिंतीच्या पोलादी टाक्या आणि खंड न पडणारी वीज हवी. या तीनही गोष्टी एकत्र येण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. सातशे वर्षांच्या उशिराचे पहिले कारण हे.

(१३)
लोकांनी दरम्यानच्या काळात स्वस्थ बसणे पसंत केले नाही. आयुर्वेदातील द्राक्षासव आणि द्राक्षारिष्ट हे या प्रश्नाचे शहाणपणाचे उत्तर म्हणता येईल. द्राक्षारिष्टात वाळलेल्या मनुकांचा काढा करतात, त्यात गूळ आणि धायटीची फुले घालून तो आंबू देतात. त्यात स्वयंजनित अल्कोहोल असते, पण ते औषधाच्या मापात घेतले जाते. मनुका वर्षभर मिळतात, त्यामुळे आंबवण्याची वेळ हंगामावर अवलंबून राहत नाही. उन्हाळा टाळता येतो. घराघरांतील औषधाच्या कपाटात द्राक्षाचे आंबवलेले पेय होतेच. फक्त त्याला कोणी वाईन म्हणत नव्हते.

(१४)
दुसरे कारण कायद्याचे आणि नीतीचे. वसाहतकाळात अबकारी हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन झाले, आणि दारूचे दुकान हे त्या व्यवस्थेचे गावागावांत दिसणारे रूप. १८७६ मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य झालेल्या जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये शहरातील दारूच्या वाढत्या दुकानांना लेखी विरोध केला होता. गोरगरिबांच्या संसाराची राखरांगोळी हा त्यांच्या दृष्टीने नगरपालिकेच्या चिंतेचा विषय होता. पुढे गांधीयुगात दारूबंदी राष्ट्रीय चळवळीचा भाग बनली. महाराष्ट्रातील दारूविरोधाला धार्मिक सोवळेपणाइतकीच सामाजिक न्यायाचीही मुळे आहेत, हे विसरता येत नाही.

(१५)
स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांवरील बंदीला धोरणात्मक उद्दिष्टाचे स्थान दिले. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एफ. एन. बलसारा खटल्यात हा कायदा बहुतांशी ग्राह्य धरला. मात्र अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने यांनाही बंदी लागू करणे अवाजवी ठरवले. औषधाच्या बाटलीतील अल्कोहोल आणि पेल्यातील अल्कोहोल यांत कायद्याने अशी रेषा आखली. साठच्या दशकात बंदी शिथिल झाली, तरी परवान्यांची चौकट कायम राहिली. त्या चौकटीत द्राक्ष उत्पादकाने स्वतःच्या शेतावर वाईन करून विकणे सुचण्यासारखे नव्हतेच.

(१६)
या काळात महाराष्ट्राची सर्व बुद्धी खाण्याच्या द्राक्षाकडे वळली. पुण्यातील गणेशखिंडच्या फळप्रयोग केंद्रात डॉ. चीमा यांच्या काळात पंढरी साहेबीच्या रोपांतून निवड होऊन ‘चीमा साहेबी’ ही जात पुढे आली. भोकरी, फकडी या जुन्या जाती मागे पडू लागल्या. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ स्थापन झाला. पुढे बिनबियांचे थॉम्पसन आले. तासगावच्या आणि सोलापूरच्या बागायतदारांनी वेगळ्या लक्षणांच्या वेली आपल्या नजरेने हेरून तास-ए-गणेश, सोनाका या जाती घडवल्या. संशोधन संस्थांच्या बरोबरीने शेतकऱ्याचा डोळा हेही प्रयोगशाळेचेच साधन होते.

(१७)
हंगाम संपल्यावर उरणाऱ्या द्राक्षाचे काय, या प्रश्नाला सांगली-सोलापूरने आपले उत्तर शोधले : बेदाणा. पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएट यांच्या द्रावणात घड बुडवून ते शेडमधील जाळ्यांवर पसरतात. मार्च-एप्रिलची कोरडी, तापलेली हवा साधारण दोन आठवड्यांत बाकीचे काम करते. सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. जो उन्हाळा वाईनचा वैरी, तोच बेदाण्याचा कामगार ठरला. शिवाय बेदाणा शेतकरी स्वतः करू शकतो, शीतगृहात ठेवू शकतो आणि तासगाव-सांगलीच्या सौद्यात भाव पाहून विकू शकतो. भाव पडला तर थांबण्याची मुभा त्याच्याकडे राहते. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

(१८)
वाईनची खरी सुरुवात १९८० च्या दशकात नारायणगावी झाली. उद्योजक शामराव चौगुले यांनी फ्रान्सच्या शॅंपेन प्रांतातील तज्ज्ञांच्या साहाय्याने फेसाळ वाईनचा प्रकल्प उभारला. तिचे एक नाव परदेशी बाजारासाठी ‘ओमर खय्याम’ असे होते. पहिला प्रयत्न फेसाळ वाईनचा असणे हवामानाशी सुसंगत होते. तिच्यासाठी द्राक्ष आंबटपणा टिकून असतानाच, लवकर तोडतात. उन्हाने गोडी अति चढण्याची वाट पाहावी लागत नाही. याच दशकात पिंपळगाव बसवंत परिसरात सहकारी तत्त्वावर असाच प्रयोग झाला, पण तो फार काळ तग धरू शकला नाही.

(१९)
त्या सहकारी प्रयोगाच्या अपयशाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी साखर कारखाना उभा केला, तेव्हा ऊस पिकवणाराच कारखान्याचा सभासद, म्हणजे मालक होता. द्राक्षाच्या ताज्या फळाची निर्यातही १९९१ नंतर ‘महाग्रेप्स’च्या रूपाने उत्पादकांच्या संस्थांनी हाती घेतली. वाईनमध्ये मात्र ही रचना रुजली नाही. भांडवल मोठे, माल तयार होण्यास महिने किंवा वर्षे, विक्री परवान्यांत अडकलेली, आणि ग्राहक शहरी व थोडा. परिणामी पिकवणारा एकीकडे आणि बाटली भरणारा दुसरीकडे, अशी विभागणी आरंभापासूनच झाली.

(२०)
१९९० च्या दशकात चित्र वेगाने पालटले. कॅलिफोर्नियाहून परतलेले राजीव सामंत यांनी नाशिकजवळ गंगापूरच्या परिसरात वाईनच्या द्राक्षांची लागवड केली. त्यांच्या ‘सुला’ची पहिली वाईन २००० मध्ये बाजारात आली. १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले. लॉ कॉलेज रस्त्याच्या परिसरातील आघारकर संशोधन संस्थेने कॅटॉबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून ‘एआरआय ५१६’ हा रसासाठी व वाईनसाठी उपयुक्त वाण घडवला. वाईनचा विषय उद्योजकाच्या धाडसाकडून हळूहळू संस्थांच्या कक्षेत येत होता.

(२१)
२००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. राज्यातील द्राक्षांपासून होणाऱ्या वाईनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, परवाने सोपे झाले. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क आखले गेले. हाताच्या बोटांवर मोजता येणाऱ्या वायनऱ्या दशकाच्या अखेरीस साठांच्या वर गेल्या. शेतकऱ्यांनी कॅबर्ने सोव्हिन्याँ, शिराझ, सोव्हिन्याँ ब्लाँ, शेनिन ब्लाँ यांच्या वेली लावल्या. मांडवाऐवजी उभ्या तारांची मांडणी आली. कंपन्यांशी खरेदीचे करार झाले. खाण्याच्या द्राक्षाच्या चढउताराला कंटाळलेल्यांना ठरलेला भाव हा मोठा दिलासा वाटला.

(२२)
मग २००८ उजाडले. जगभर मंदी आली. नोव्हेंबरमध्ये मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला. पर्यटन आणि हॉटेल व्यवसाय, म्हणजे वाईनचा प्रमुख ग्राहक, थंडावला. टाक्यांत आदल्या हंगामाची वाईन शिल्लक असतानाच नवा हंगाम दाराशी आला. भरलेल्या टाकीत नवे फळ ओतता येत नाही. वायनऱ्यांनी खरेदी कमी केली, काहींनी थांबवली. परदेशांत विस्तार करून बसलेली नारायणगावची अग्रणी कंपनी कर्जाच्या भाराखाली सापडली आणि पुढे अवसायनापर्यंत गेली. बाजारातील घसरणीचा धक्का महिन्याभरात बांधावर येऊन पोहोचला.

(२३)
शेतकऱ्याची कोंडी येथे उघड होते. थॉम्पसनला परदेशी गिऱ्हाईक मिळाले नाही तर ते वाशीच्या बाजारात जाते. तेथेही जमले नाही तर त्याचा बेदाणा होतो. वाईनच्या द्राक्षाचे मणी बारीक, बियांचे आणि जाड सालीचे. ते खाण्यासाठी कोणी घेत नाही, आणि बेदाण्यालाही चालत नाही. त्याला गिऱ्हाईक एकच : वायनरी. तिने दार लावले की फळ वेलीवरच संपते. स्वतः वाईन करून ठेवावी तर परवाना नाही, टाकी नाही, शीतकरण नाही. २००९ नंतर अनेक शेतकऱ्यांनी वाईनच्या वेली मुळासकट उपटल्या. तीन-चार वर्षे जोपासलेली बाग स्वतःच्या हाताने काढणे म्हणजे काय, हे बागायतदाराच्या घरात राहिलेल्यालाच कळेल.

(२४)
या घटनेचा दोष कोणा एकाच्या माथी मारणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. धोरणाने वायनऱ्या वाढवल्या. वाईन पिणारे त्या वेगाने वाढले नाहीत. करारात भाव होता, पण मंदीतील जोखीम कोणी उचलायची हे स्पष्ट नव्हते. सर्वांत मुख्य म्हणजे काढणीनंतर थांबण्याची ताकद ज्याच्याकडे होती, त्याच्याकडेच निर्णय राहिला. बेदाण्यात ती ताकद शेतकऱ्याकडे होती, साखरेत निदान आरंभी सभासदाकडे होती. वाईनमध्ये ती टाकीच्या मालकाकडे होती; आणि टाकीवर बँकेचे कर्ज होते.

(२५)
उद्योग यातून सावरला. वायनऱ्यांची संख्या घटली, पण टिकलेल्या कंपन्या मोठ्या झाल्या. बागेतच मुक्कामाची, भोजनाची आणि वाईन चाखण्याची सोय करून त्यांनी पर्यटकाला थेट बागेत आणले. ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२२ च्या डिसेंबरमध्ये सुलाचे समभाग बाजारात नोंदले गेले. पण उद्योगाचा पाया आता अधिक थोड्या हातांत होता. काही शेतकरी पुन्हा करारावर वाईनचे द्राक्ष पिकवू लागले, या वेळी लागवडीचा आकडा कंपनीच्या मागणीला बांधून.

(२६)
त्याच वर्षाच्या आरंभी, २७ जानेवारी २०२२ रोजी, राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केट आणि मोठ्या दुकानांत वाईन विक्रीला मान्यता दिली होती. शेतकऱ्याचे हित हे मुख्य समर्थन होते. ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ हा युक्तिवाद त्या दिवसांत गाजला. विरोधही तीव्र झाला; अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. अखेर त्या निर्णयाची अंमलबजावणी थांबली. एका बाजूला फुल्यांच्या काळापासून चालत आलेली संसार वाचवण्याची चिंता, दुसऱ्या बाजूला २००९ मध्ये उपटलेल्या वेलींची आठवण. दोन्ही बाजूंना शेतकऱ्याचे आणि गरिबाचे नाव घेतले गेले, आणि दोन्हींमागे खरा इतिहास होता.

(२७)
त्या वादात एक प्रश्न मात्र फारसा विचारला गेला नाही. वाईनची विक्री वाढली, तर वाढलेल्या पैशातील किती वाटा द्राक्ष पिकवणाऱ्यापर्यंत पोहोचेल? बाटलीत किलो-सव्वा किलो फळ असते. बाटलीच्या किमतीत त्या फळाखेरीज टाकी, वीज, काच, कर, जाहिरात आणि दुकानदार यांचे वाटे असतात. दुकानांची संख्या वाढवल्याने ही वाटणी आपोआप बदलत नाही. ती बदलायची तर टाकीच्या मालकीचा, म्हणजे काढणीनंतरच्या थांबण्याच्या ताकदीचा विचार करावा लागतो. सहकाराची जन्मभूमी म्हणवणाऱ्या राज्यात हा विचार नवा नाही. वाईनच्या बाबतीत तो अपुरा राहिला, एवढेच.

(२८)
आता आरंभीच्या प्रश्नाकडे परत येता येईल. सातवाहनांच्या काळात वाईन दख्खनमध्ये आली, ती दूरदेशी मुरलेली आणि राळेच्या लेपात जपलेली. तुघलकांच्या काळात वेल बहरली, पण उन्हाळ्याने रस टिकू दिला नाही. विसाव्या शतकात यंत्राने उन्हाळ्यावर मात केली, तोवर कायदा आडवा आला. कायदा सैल झाला तेव्हा बाजार आणि मालकी यांचे प्रश्न उभे राहिले. प्रत्येक टप्प्यावर फळ तयार होते. अडचण दर वेळी फळ तोडल्यानंतरच्या दिवसांत होती, आणि दर वेळी ती निराळ्या रूपात आली.

(२९)
या एप्रिलमध्ये नारायणगाव, दिंडोरी किंवा पलूसच्या रस्त्याने जाणे झाले तर बागा उजाड दिसतील. ओलांड्यावर इंचभर खुंट, खाली कापलेल्या काड्यांचे ढीग, मधून ठिबकच्या काळ्या नळ्या. पाहणाऱ्याला वाटेल, येथील वर्ष संपले. प्रत्यक्षात खुंटाच्या डोळ्यातून पुढल्या वर्षाची काडी फुटू पाहत असते. आणि काही अंतरावरच्या पोलादी टाकीत गेल्या वर्षाचा रस बाहेरच्या उन्हापासून सांभाळला जात असतो. दोन्हींवर कोणाचा हक्क किती, हा हिशेब मात्र अजून पूर्ण झालेला नाही.

धागा समाप्त.